एकसरचे वीरगळ : समुद्राने ठेवून घेतलेल्यांचे दगड

मुंबईच्या पश्चिम उपनगरांत २०२२ साली सुरू झालेल्या मेट्रोच्या मार्गावर ‘मंडपेश्वर’ आणि ‘एकसर’ ही दोन स्थानके लागोपाठ येतात. त्या गाडीने रोज ये-जा करणाऱ्या बहुतेकांना ही नावे म्हणजे फलाटावरच्या दोन पाट्या. कोकणच्या इतिहासाचा आणि शिल्पकलेचा ज्याला थोडाबहुत नाद आहे त्याला मात्र या दोन नावांच्या दरम्यान काही शतकांचे अंतर दिसते. मंडपेश्वरला सहाव्या ते आठव्या शतकांच्या दरम्यान कोरलेले शैव लेणे आहे. एकसरला शिलाहार-यादव काळातले वीरगळ आहेत, आणि त्यांतल्या काहींवर नौकायुद्ध कोरलेले आहे. या वीरगळांविषयी आम्ही वर्षानुवर्षे वाचत आलो होतो. प्रत्यक्ष पाहण्याचा योग मात्र येत नव्हता, आणि तो न येण्याचे कारण आळसाखेरीज दुसरे काही नव्हते. अखेर एका रविवारी सकाळी आम्ही तिघे निघालो.

आज बोरीवली म्हटले की रेल्वे स्थानक, इमारती आणि राष्ट्रीय उद्यान आठवते. समुद्र आठवत नाही. बृहन्मुंबईची हद्द दहिसरपर्यंत वाढली ती १९५७ साली. त्यापूर्वी हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यातला होता, आणि त्याही आधी तो साष्टी बेटाचा पश्चिम काठ होता. दक्षिणेस माहीमची खाडी, उत्तरेस वसईची, पूर्वेस ठाण्याची आणि पश्चिमेस अरबी समुद्र अशा चतुःसीमा असलेल्या या बेटावर कान्हेरीची लेणी खोदली गेली, आणि त्यांच्या दात्यांत कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारी होते. एकसरच्या पश्चिमेस आजही गोराई-मनोरीची खाडी आहे, तिवरे आहेत, आणि पलीकडच्या तीरावर गोराई, मनोरी, उत्तन ही गावे आहेत. खाडीचा वारा अजून येतो. पाणी तेवढे इमारतींमागे दडले आहे. एकसरच्या शिल्पात जहाजे का, या प्रश्नाचे निम्मे उत्तर नकाशातच मिळते.

वाटेवर म्हणून आधी मंडपेश्वर पाहिले. येथे नृत्यमग्न शिवाचा पट आहे. झिजलेला असूनही त्याच्या देहाचा तोल आणि भोवतालच्या गणांची दाटी मनात राहते. सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस्कन पंथाच्या आंतोनियो दो पोर्तो या पाद्र्याने या लेण्याचे रूपांतर चर्चमध्ये केले. मूर्ती झाकल्या गेल्या, एके ठिकाणी कातळात मोठा क्रूस कोरला गेला आणि लेण्याच्या माथ्यावर मठाची इमारत उभी राहिली. १७३९ साली वसई पडली, पोर्तुगीजांचा अंमल गेला, आणि आज वरची इमारत भग्न होऊन खालचे लेणे पुन्हा उघडे आहे. क्रूसही तेथेच आहे. एका दगडावर दोन श्रद्धांनी लिहिलेले असे हे पान आहे. शिल्प झाकले जाते म्हणजे नष्टच होते असे नाही, ही गोष्ट आम्ही येथे ध्यानात ठेवली, आणि पुढे एकसरला ती उपयोगी पडली.

वीरगळ म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या वाचकाला निराळे सांगण्याची गरज नसावी, तरी थोडे सांगतो. शब्द कानडीतून आला : वीर आणि कल्, म्हणजे वीराचा दगड. युद्धात, गुरांच्या रक्षणात किंवा गावावर आलेल्या धाडीत पडलेल्या माणसासाठी हा दगड उभा करीत. त्याचे वाचन खालून वर करायचे असते. तळच्या चौकटीत युद्ध किंवा मृत वीर; त्याच्या वर त्याला दोन्ही बाजूंनी धरून नेणाऱ्या अप्सरा; त्याच्या वर वीर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला; आणि सर्वांत वर कलश. म्हणजे मृत्यूपासून मोक्षापर्यंतची चढण तीन-चार पायऱ्यांत उरकलेली. आपल्याकडच्या देवळांच्या आवारात, गावच्या वेशीवर, पिंपळाच्या पाराशी असे वीरगळ किती पडलेले असतात याची गणती नाही. बहुतेकांवर अक्षर नसते. कोणाचा दगड हे गाव विसरून गेलेले असते, आणि तरीही वाटेत आला म्हणून तो उचलून फेकायला कोणाचा हात धजत नाही.

एकसरच्या शिळांचे सविस्तर वर्णन ठाणे जिल्ह्याच्या १८८२च्या गॅझेटियरमध्ये आहे. तळ्याकाठच्या आमराईत काळ्या पाषाणाच्या सहा शिळांची रांग उभी होती. त्यांतल्या मोठ्या शिळा सुमारे दहा फूट उंच आणि तीन फूट रुंद. गावोगावचे वीरगळ बहुधा कमरेइतके असतात हे लक्षात घेतले म्हणजे या उंचीचा अर्थ कळतो. माथ्यावर मोठे कलश, कलशांना फितीसारखी बांधलेली वस्त्रे, दोन्ही बाजूंना हार घेऊन तरंगत येणारे गंधर्व. खाली एकावर एक अशा आडव्या पट्ट्या. काही शिळांवरचे युद्ध जमिनीवरचे आहे : तलवारी उपसलेले घोडेस्वार, धनुर्धारी, हत्ती. उरलेल्या शिळांवर मात्र समुद्र आहे. उंच नाळेच्या, एका डोलकाठीच्या नौका एका ओळीत चालल्या आहेत. काठाशी वल्ह्यांची तिरपी रांग आहे, वरच्या फळीवर धनुर्धर उभे आहेत. वरच्या पट्टीत नौका एकमेकींना भिडल्या आहेत आणि माणसे पाण्यात पडत आहेत. त्याच्याही वर, नेहमीप्रमाणे, स्वर्ग आहे.

आम्ही गेलो तेव्हा आमराई नव्हती, हे सांगायला नकोच. शिळा भर वस्तीत आहेत. त्यांवर शेंदूर व रंग यांचे थर चढले आहेत, तळचा भाग जमिनीत गेला आहे, आणि पुढ्यात त्या सकाळची ताजी फुले होती. पुस्तकातली चित्रे पाहून गेलेल्या माणसाला पहिली काही मिनिटे चुकल्यासारखे होते. मग डोळा सरावतो. शेंदराखालून एक नाळ वर येते, तिच्यामागे दुसरी, आणि वल्ह्यांची तिरपी रेघ दिसताच संपूर्ण पट्टी हलू लागते. शिल्पकाराने पाणी कोरलेलेच नाही म्हटले तरी चालेल. वल्ह्यांच्या तिरकसपणानेच त्याने पाण्याचे काम भागवले आहे.

येथे त्या अनाम कारागिरापुढची अडचण समजून घ्यायला हवी. वीरगळ उभा असतो आणि समुद्र आडवा. तीन फूट रुंदीच्या दगडावर आरमार बसवायचे म्हणजे नौकांची रांग लावण्यावाचून गत्यंतर नाही. चित्रकाराला रंगाने खोली दाखवता येते. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातल्या जहाजाच्या चित्राला ती सोय होती. काळ्या पाषाणात उथळ उठावाचे काम करणाऱ्याला ती नाही. हा दगड कठीण, त्यावर बारीक काम सहज टिकून राहते पण सहज होत नाही. या कारागिराच्या मागे उत्तर कोकणातल्या शिलाहारांची घडलेली परंपरा होती. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२चे, म्हणजे १०६०चे. तेथल्या भिंतींवरची दाटी, वळणे आणि अलंकरण पाहून एकसरला आले की ही भाषा एकदम साधी, जवळजवळ हिशेबी वाटते. मंदिराची भिंत देवांसाठी होती. येथे घडलेली गोष्ट क्रमाने सांगायची होती. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात कदंबकालीन वीरगळ आहेत, त्यांतही नौकायुद्ध दिसते. म्हणजे समुद्रावर मेलेल्यांसाठी दगड उभारण्याची रीत एकट्या एकसरची नव्हती. पण एका जागी इतक्या शिळा, इतक्या उंच, हे मात्र एकसरचेच वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

आता प्रश्न येतो तो इतिहासाचा : हे युद्ध कोणते?

शिळांवर वाचता येईल असा लेख नाही, त्यामुळे उत्तर बाहेरून आणावे लागते. सर्वांत प्रचलित उत्तर हेमाद्रीकडून येते. हेमाद्री हा यादव राजा महादेव याचा श्रीकरणाधिप. त्याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’च्या व्रतखंडाच्या आरंभी यादवांची राजप्रशस्ती आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या दख्खनच्या इतिहासात तिचा उपयोग केला. त्या प्रशस्तीचा आशय असा की, कोकणचा राजा सोम समुद्र तरून जाण्यात निष्णात असूनही महादेवाच्या मत्त हत्तींच्या मदाच्या नद्यांत सैन्यासह बुडाला. आणि महादेवाच्या कोपाग्नीपेक्षा समुद्रातला वडवानल त्याला बरा वाटला. काव्याची झूल बाजूला केली तर भांडारकरांना त्यात असे दिसले की, शिलाहार सोमेश्वराने जमिनीवर हार खाऊन जहाजांचा आश्रय घेतला आणि तो समुद्रात बुडून मेला. सोमेश्वराचे उरण परिसरातले दोन लेख, रानवडचा आणि चांजेचा, अनुक्रमे शके ११८१ व ११८२चे, म्हणजे १२५९-६०च्या सुमाराचे आहेत. महादेवाची कारकीर्द १२६१ ते १२७१. ठाण्याच्या १२७२च्या ताम्रपटात साष्टीवर यादव रामचंद्राचा अधिकारी अच्युत नायक असल्याचे दिसते. म्हणजे या बारा वर्षांत केव्हातरी उत्तर कोकणातले सुमारे साडेचार शतकांचे राज्य संपले. साधारणपणे १२६५ हे साल सांगितले जाते. म. म. वा. वि. मिराशींनी शिलाहारांच्या लेखांच्या १९७७च्या संग्रहात याच युद्धाशी बोरीवलीजवळच्या वीरगळांचा संबंध जोडला आहे.

या मताच्या बाजूने सर्वांत बळकट पुरावा शिळांचा क्रम हाच आहे. काहींवर जमिनीवरचे युद्ध, त्यात हत्ती, मग समुद्र. हेमाद्रीच्या श्लोकाचाही क्रम तोच. दुसरे मत आहे ते शिळा अकराव्या शतकातल्या मानून त्यांचा संबंध माळव्याच्या भोजाशी लावण्याचे. भोजाचे बांसवाडा व बेटमा येथले १०२०चे ताम्रपट कोकणविजयाच्या उत्सवाचा उल्लेख करतात, ही गोष्ट खरी. परंतु त्या ताम्रपटांत कोकण आहे, नौकायुद्ध नाही. त्यामुळे निवड करायचीच झाली तर आम्ही सोमेश्वराच्या बाजूला झुकू. मात्र हा झुकाव आहे, निकाल नव्हे. श्लोक शिळेचे नाव घेत नाही आणि शिळा श्लोकाचे. दोघांची गाठ आपण घातली आहे. तीही एका अशा श्लोकाशी, जो जिंकणाऱ्या राजाच्या मंत्र्याने लिहिला आणि ज्यात हरलेल्याचे बुडणे हा कोटी करण्याचा विषय आहे.

परंतु आमची खरी अडचण निराळी आहे. सोमेश्वर बुडाला हे मानले, तरी एकसरच्या शिळा सोमेश्वराच्या आहेत असे त्यातून निघत नाही. वीरगळ राजासाठी नव्हे, पडलेल्या वीरासाठी उभारतात; आणि तो उभारतात त्याचे आप्त, त्याचा गाव किंवा त्याचा धनी. मग प्रश्न असा की, १२६५च्या सुमारास साष्टीत दहा फुटी दगड घडवण्याइतके द्रव्य आणि तो उघड्यावर उभा करण्याइतकी मोकळीक कोणाला होती? शिलाहारांकडून लढून मेलेल्यांना असेल, तर ते दगड नव्या यादव अंमलाच्या डोळ्यांदेखत उभे राहिले असले पाहिजेत. यादवांकडून मेलेल्यांचे असतील, तर दुसरा प्रश्न उठतो. देवगिरीचे राज्य घाटावरचे. त्याच्या बाजूने लढलेल्या नौका आणि त्या चालवणारे हात कोठून आले? आमच्या तर्काप्रमाणे ते याच किनाऱ्यावरचे असणार, कारण नौका आणि नाखवा हुकूम देऊन घाटावर निपजत नाहीत. म्हणजे त्या दिवशी दोन्ही बाजूंना वल्ही मारणारे लोक कदाचित शेजारच्याच खाड्यांतले होते. हा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण शिळेवर आम्हाला तरी दोन बाजूंच्या नौकांत ठळक फरक दिसला नाही. तीच नाळ, तीच डोलकाठी, तशीच वल्ही.

इतिहासकाराची नजर या शिळांकडे गेली ती राजाच्या शोधात. ते स्वाभाविकही आहे. सनावळी राजांच्याच मिळतात. पण त्यामुळे शिळा श्लोकाखालचे चित्र होऊन बसल्या. पाठ्यपुस्तकाच्या पानावर मजकुराला पूरक म्हणून छापतात, तसे. शिळा स्वतः काय सांगते हे पाहायला गेलो तर तिच्या माथ्यावरच्या कलशाकडे पाहावे लागते. एकसरचे कलश मोठे आहेत, एरवीच्या वीरगळांपेक्षा डोळ्यांत भरणारे. गॅझेटियरकाराने त्यांना अस्थिकलशच म्हटले आहे. आणि येथे आम्ही बराच वेळ थांबलो. जमिनीवर पडलेल्याचा देह मिळतो. त्याला अग्नी देता येतो, अस्थी वेचता येतात. समुद्रावर पडलेल्याचे काय? भरतीने आणून टाकले तर टाकले. एरवी घरच्यांच्या हाती राख नाही, हाड नाही, मृत्यूची तिथीसुद्धा ऐकीव. अशा माणसासाठी घडवलेला कलश रिकामाच असणार, आणि तो दगडाचा आहे म्हणूनच तो रिकामा असूनही चालतो. पट्टीवर नौकेवरून पडणारा माणूस आणि माथ्यावरचा कलश यांच्यामधले अंतर अप्सरा, शिवलिंग आणि कैलास यांनी भरून काढले आहे. जे प्रत्यक्षात करता आले नाही ते दगडात रीतसर करून दिले आहे. इतक्या उंचीचे कारण राजवैभव असेल. कदाचित हेही असेल की, ज्यांना दुसरी कोणतीच जागा उरली नव्हती त्यांची जागा दुरून दिसावी असे कोणालातरी वाटले.

या दृष्टीने पाहू लागल्यावर शेंदराचीही चीड ओसरली. सुरुवातीला आम्हीही नाके मुरडलीच होती. शिल्पाचा अभ्यास करणाऱ्याला शेंदूर म्हणजे शत्रू. बोटांची ठेवण, शस्त्रांचे प्रकार, नौकेच्या फळ्यांची जोडणी, ज्यांवरून काळ ठरवता येईल अशा साऱ्या खुणा त्याखाली जातात, आणि रासायनिक रंग तर दगडाचीही हानी करतात. हे आक्षेप खरे आहेत व ते मागे घेण्याचे कारण नाही. परंतु आमराई गेली, पंचक्रोशीचे उपनगर झाले, जमिनीच्या इंचाइंचाला मोल आले, तरी शिळा आपल्या जागी उभ्या राहिल्या. त्यांना येथवर आणले ते रोज सकाळी फूल वाहणाऱ्या हातांनी, आणि त्या हातांना सोमेश्वर ठाऊक असण्याची गरज नव्हती. मंडपेश्वरला शिल्प झाकले ते जुना देव नाकारण्यासाठी. एकसरला झाकले गेले ते देव मानल्यामुळे. परिणाम दोन्हीकडे थोडाबहुत सारखाच दिसत असला तरी हेतूंचा फरक लहान नाही. वीर कोण हे विसरून गेलेल्या लोकांनी वीर आहे एवढे मात्र लक्षात ठेवले आहे.

तेव्हा करायचे काय? शिळा उचलून संग्रहालयात न्याव्यात, असे म्हणणारे म्हणतील. त्या सुरक्षित होतील, हे मान्य. पण ज्या दगडांचे प्रयोजनच जागा राखण्याचे होते त्यांना जागेवरून हलवणे म्हणजे उरलेसुरले अस्थिविसर्जन. त्यापेक्षा तेथेच, पूजा करणाऱ्यांच्या संमतीने, जाणकारांकडून थर उतरवावेत, जमिनीत गेलेला भाग मोकळा करावा, वर साधे छप्पर घालावे आणि दोन ओळींची मराठी पाटी लावावी. पाटीवर १२६५ घालायचे असेल तर ‘बहुधा’ हा शब्दही घालावा. ज्या गावाच्या नावाने आता मेट्रोचे स्थानक आहे त्या गावाला एवढे मागण्याचा अधिकार आहे.

परतताना खाडीपर्यंत गेलो. ओहोटी होती, तिवरांच्या मुळांशी चिखल उघडा पडला होता, आणि पलीकडे गोराईला जाणारी बोट माणसे भरून सुटत होती. तेथे उभे राहून १२६५च्या युद्धाचे चित्र डोळ्यांपुढे आणण्याचा आम्ही प्रयत्न केला, तो साधला नाही. डोळ्यांपुढे राहिला तो शिळेवरचा एक माणूस, अर्धा नौकेत, अर्धा बाहेर, ज्याच्या चेहऱ्यावर आता शेंदूर आहे. तो कोणत्या बाजूचा होता हे आम्हाला सांगता येणार नाही. त्याच्यासाठी कोणीतरी दगड घडवून घेतला, आणि आजही त्यापुढे कोणीतरी फूल ठेवते, एवढे मात्र आम्ही पाहून आलो.